जाहिरातीतला समुद्रकिनारा

‘जाहिरात’ हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतला ‘जाहिर’ त्यात स्पष्ट दिसतो. एखादी गोष्ट चार लोकांपुढे जाहीर करायची, ती जाहिरात. पुढील जाहिरात वाचा.

“निसर्गरम्य समुद्रकिनारी तीन दिवसांची सहल. राहणे, चहा, नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण, खेळ व करमणूक. सगळे एकाच रकमेत! अटी लागू.”

असा कागद वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येतो. आता तो मोबाइलवरही येतो. अब्बा तो उलटसुलट करून पाहतात. अम्मी विचारते, “जेवण धरून की वेगळे?” मग तो कागद तुमच्याकडे सरकवला जातो. “तुझी मराठी चांगली आहे. नीट वाच आणि सांग, काय लिहिले आहे ते.” वर्षभर बाजूला टाकलेले पैसे त्या एका कागदावर खर्च होणार असतात. म्हणून तो वाचायचा कसा, आणि तिथे गेल्यावर फसगत झाली तर काय लिहायचे, हे या पाठात पाहू.

‘सगळे एकाच रकमेत’ ही कल्पना फार जुनी नाही. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर, समुद्रकाठी तंबू ठोकून सुट्टीचा एक तळ सुरू केला. त्याच्या संस्थेचे नाव ‘क्लब मेडिटेरने’. एकदा पैसे भरले की राहणे, जेवण, खेळ यांची काळजी नाही. पुढे या क्लबात पेयांसाठी मणी द्यायची पद्धत आली. माळेतला मणी काढून द्यायचा आणि पेय घ्यायचे. हे मणी अर्थातच वेगळे विकत घ्यावे लागत! म्हणजे ‘सगळे’ या शब्दाला तेव्हाही कुंपण होतेच. नंतर जमैका, मेक्सिको, डोमिनिकन प्रजासत्ताक, तुर्कस्तान अशा अनेक देशांच्या किनाऱ्यांवर मोठमोठी हॉटेले याच पद्धतीने चालू लागली. तिथे आता मण्यांच्या जागी पाहुण्याच्या मनगटाला रंगीत पट्टी बांधतात. पट्टी दिसली की ताट मिळते.

या पद्धतीत एक गोम आहे. साध्या खानावळीत जेवण आवडले नाही, तर आपण दुसऱ्या दिवशी तिथे जात नाही. खानावळवाल्याला गिऱ्हाईक टिकवायचे असते. पण ज्या हॉटेलाने सगळे पैसे आधीच घेतले आहेत, त्याला पाहुण्याच्या पुढच्या घासातून काही मिळायचे नसते. उलट प्रत्येक घासागणिक त्याचा खर्च वाढतो. काही हॉटेले तरीही उत्तम सेवा देतात, कारण त्यांना नाव राखायचे असते. काही मात्र हात आखडतात. मग तक्रारी सुरू होतात आणि त्या सगळीकडे सारख्याच असतात. तीन दिवस तीच भाजी, जेवणासाठी लांब रांग, सरबतात पाणी जास्त, चांगल्या उपाहारगृहासाठी निराळे पैसे. पाहुणा चिडतो, पण बाहेर जेवायला जात नाही. ‘पैसे भरलेले आहेत ना’ म्हणून मुकाट्याने तेच खातो.

अशा फसलेल्या सुट्ट्यांपैकी दोन थेट इंग्लंडच्या न्यायालयात पोहोचल्या. दोन्ही मोठ्या मजेदार आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला. ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांना अजिबात नाही.

पहिली हकिकत समुद्राची नसून डोंगरातली आहे. जार्व्हिस नावाच्या एका इंग्रज वकिलाने १९६९ च्या नाताळसाठी स्वित्झर्लंडमधील एक सहल ठरवली. पंधरा दिवसांचे ६३ पौंड ४५ पेन्स भरले. पाहुण्यांचा मेळावा, दुपारी चहा आणि केक, पहाडी गाण्यांची संध्याकाळ, इंग्रजी बोलणारा यजमान, असे सगळे पत्रकात छापलेले होते. पहिल्या आठवड्यात तिथे तेरा पाहुणे होते. दुसऱ्या आठवड्यात पाहुणा एकच, तो म्हणजे स्वतः जार्व्हिस! यजमानाला इंग्रजी येत नव्हते. केकऐवजी बटाट्याचे काप आणि कोरड्या वड्या आल्या. गाण्याच्या संध्याकाळी गावातला एक माणूस कामावरच्या कपड्यांत आला, चारपाच गाणी भराभर म्हणाला आणि निघून गेला.

खालच्या न्यायालयाने त्याला भरलेल्या रकमेच्या निम्मे, म्हणजे ३१ पौंड ७२ पेन्स दिले. वरच्या न्यायालयात लॉर्ड डेनिंग हे प्रसिद्ध न्यायाधीश होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२५ पौंड द्यायला सांगितले. भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट! कारण असे, की हॉटेलाने नुसती खोली आणि जेवण विकले नव्हते. आनंद विकला होता. ज्याला वर्षातून दोनच आठवडे सुट्टी मिळते, त्याचे ते दोन आठवडे वाया गेले, तर खोलीचे भाडे परत देऊन हिशेब पुरा होत नाही.

दुसरी हकिकत समुद्रकिनाऱ्याची आहे आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेत घडलेली आहे. या देशाला तेव्हा सिलोन म्हणत. जॅक्सन नावाच्या गृहस्थाने पत्नी आणि लहान मुलांसह जानेवारी १९७१ पासून चार आठवड्यांची सुट्टी ठरवली. हा माणूस सावध होता. त्याने आधीच पत्र लिहून आपल्याला काय काय हवे ते कळवले होते. मुलांच्या आणि आईवडिलांच्या खोल्यांमध्ये दार हवे, जेवणात निवडीला वाव हवा, वगैरे. निघायच्या थोडे आधी कंपनीने कळवले, की ठरलेल्या हॉटेलाचे बांधकाम पुरे झालेले नाही, म्हणून दुसरे हॉटेल देतो. किंमत १२०० पौंड ठरली. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

तिथे पोहोचल्यावर काय दिसले? दोन खोल्यांमध्ये दार नव्हते. मुलांच्या खोलीच्या भिंतींना काळी बुरशी आलेली. शौचालय डागाळलेले. त्या खोलीत मुलांना झोपवणे शक्यच नव्हते. पहिले तीन दिवस सगळे कुटुंब एकाच खोलीत राहिले. एका पलंगावर दोन मुले, आणि एकाच माणसाला पुरेल अशा दुसऱ्या पलंगावर आईवडील. पत्रकात पोहण्याचा तलाव होता, तो तिथे नव्हता. छोट्या गोल्फचे मैदान नव्हते, केशकर्तनालयही नव्हते. जेवणात निवडीला वाव नव्हता, आणि पदार्थांना खोबरेल तेलाचा वास येत होता. पंधरा दिवसांनी हे कुटुंब कंटाळून मूळ ठरलेल्या हॉटेलात गेले. तिथे अजून बांधकाम चालूच होते.

इथे जरा थांबू. खोबरेल तेलाची तक्रार मला पटत नाही. श्रीलंकेत काय किंवा आपल्या केरळात काय, खोबरेल तेलातला स्वयंपाक ही घरची चव आहे. पाहुण्याच्या जिभेला ती रुचली नाही, यात आचाऱ्याचा काय दोष? पण निवडीला वाव देतो म्हणून सांगणे आणि न देणे, हा मात्र दोष आहे. न आवडलेली गोष्ट एक आणि न मिळालेली गोष्ट दुसरी. तक्रार लिहिताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो.

जॅक्सनला न्यायाधीशांनी ११०० पौंड भरपाई दिली. कंपनीने वरच्या न्यायालयात दाद मागितली. तिथे एक प्रश्न निघाला. करार एकट्या जॅक्सनने केला होता. मग पत्नीला आणि मुलांना झालेल्या त्रासाचे पैसे तो कसा मागणार? लॉर्ड डेनिंग यांनी रोजच्या जीवनातली उदाहरणे दिली. एखादा यजमान मित्रांसाठी उपाहारगृहात मेजवानी ठरवतो. एखादा धर्मगुरू चर्चमधील गायकांच्या सहलीसाठी बस ठरवतो. ठरवणारा एक असला, तरी ठरवलेले सगळ्यांसाठी असते. भरपाईची रक्कम कायम राहिली. हा निकाल १९७५ च्या निकालसंग्रहात छापला गेला. पुढे १९८० साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने डेनिंग यांच्या युक्तिवादावर आक्षेप घेतला, पण या कुटुंबाला मिळालेली रक्कम चुकीची आहे असे काही ठरवले नाही. मला स्वतःला डेनिंग यांचेच म्हणणे योग्य वाटते. घरातला एक माणूस पैसे भरतो, पण बुरशीच्या खोलीत सगळेच झोपतात.

जर्मन लोकांनी याहून पुढची मजल मारली. फ्रँकफर्टच्या एका न्यायालयाने १९८५ साली एक तक्ताच प्रसिद्ध केला. सुट्टीत काय उणे पडले, तर किंमतीतून शेकडा किती कापावे, असा तो तक्ता आहे. सांगितलेला समुद्र खिडकीतून दिसत नसेल तर ५ ते १० टक्के. रोज रोज तेच जेवण असेल तर ५ टक्के. अन्न नासके असेल तर २० ते ३० टक्के. कबूल केलेला पोहण्याचा तलाव नसेल तर १० ते २० टक्के. खोलीत झुरळे वगैरे असतील तर १० पासून थेट ५० टक्क्यांपर्यंत! हा तक्ता इतर न्यायालयांवर बंधनकारक नव्हता, नुसता मार्गदर्शक होता. तरी त्यातून एक गोष्ट समजते. ‘सुट्टी खराब झाली’ एवढे म्हटले तर टक्के मोजता येत नाहीत. काय नव्हते आणि किती दिवस नव्हते, हे सांगावे लागते. शिवाय तिथल्या कायद्यात उणीव आढळताच जागच्या जागी कळवावे, अशी अपेक्षा असते. दोषाची दुरुस्ती करायला समोरच्याला संधी मिळाली पाहिजे. तीन दिवस गप्प राहून घरी आल्यावर भांडणे न्यायालयाला रुचत नाही.

सगळ्याच गोष्टी हॉटेलाच्या माथी मारता येत नाहीत. २०११ सालापासून कॅरिबियन समुद्रातल्या अनेक किनाऱ्यांवर सारगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ वाहून येऊ लागले. त्याचे ढीग कुजतात आणि दुर्गंधी सुटते. ते शेवाळ हॉटेलाने आणलेले नसते. आपल्या कोकणात जून महिन्यात समुद्र खवळतो आणि पाण्यात उतरायला मनाई होते. तेही हॉटेलामुळे नव्हे. पण किनारा शेवाळाने भरला आहे हे ठाऊक असून जुने निळे चित्र दाखवणे, किंवा जून महिन्याच्या सहलीत ‘समुद्रस्नान’ छापणे, याला जबाबदार कोण?

आता पुन्हा आपल्या कागदाकडे वळू. मराठी शिकणाऱ्याला शब्दांची शेपटे फार त्रास देतात. ‘-वर’, ‘-जवळ’, ‘-कडे’. इथे त्या शेपटांनाच पैसे पडतात. ‘किनाऱ्यावरचे हॉटेल’ म्हणजे दार उघडले की वाळू. ‘किनाऱ्याजवळचे हॉटेल’ म्हणजे शंभर पावले असतील किंवा रिक्षाचे भाडेही असेल. ‘किनाऱ्याकडच्या बाजूची खोली’ म्हणजे खिडकी त्या दिशेला आहे एवढेच. मध्ये नारळाची बाग असो की सिमेंटची भिंत, कागद खोटा ठरत नाही. ‘पाच मिनिटांच्या अंतरावर’ असे असेल, तर विचारा, चालत की गाडीने? क्रियापदही पाहा. ‘तलाव आहे’ आणि ‘तलाव होणार आहे’ यांत सबंध एक उन्हाळा जाऊ शकतो. ‘निसर्गरम्य’, ‘आलिशान’, ‘घरगुती’ ही विशेषणे वाचायला गोड आहेत, पण ती मोजता येत नाहीत. ती पेन्सिलीने खोडून टाका आणि मागे काय उरते ते पाहा. पुष्कळदा फक्त ‘अटी लागू’ उरते. त्या अटी मागून घ्या. मांस हलाल असेल का, मुलांचे वेगळे पैसे पडतील का, असे तुमच्या घराचे जे प्रश्न असतील त्यांची उत्तरेही लेखी घ्या. फोनवर मिळालेले ‘हो हो, सगळे होईल’ कोणत्याही फाइलला लावता येत नाही.

एवढे करूनही फसगत झाली, असे समजा. रागाच्या भरात माणूस असे लिहितो:

“तुमचे हॉटेल अगदी बेकार आहे. जेवण वाईट, खोली घाणेरडी, माणसे उद्धट. आमची सुट्टी वाया गेली. तुम्हांला लाज वाटली पाहिजे. आमचे सगळे पैसे परत करा.”

यातला राग खरा आहे. पण वाचणाऱ्याला यातून काय कळले? कोणती खोली, कोणता दिवस, कोणते जेवण? आता हे वाचा:

“दि. १२ मे रोजी दुपारी दोन वाजता आम्ही पाच जण (तीन मोठे, दोन मुले) आपल्या हॉटेलात उतरलो. ‘प्रत्येक खोलीतून समुद्र दिसतो’ असे आपल्या पत्रकात छापले आहे. आम्हांला दिलेल्या खोली क्रमांक १०४ ची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते. पोहण्याचा तलाव १२ ते १५ मे असे चारही दिवस दुरुस्तीसाठी बंद होता. पैसे भरून घेताना ही गोष्ट आम्हांला सांगितली नव्हती. १२ मे रोजी संध्याकाळी आम्ही व्यवस्थापकांना तोंडी सांगितले आणि १३ मे रोजी सकाळी तक्रारवहीत लिहिले. तरी खोली बदलून मिळाली नाही. पत्रक, पावती व खिडकीचे छायाचित्र यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आम्ही भरलेल्या ३६,००० रुपयांपैकी ९,००० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत आणि लेखी खुलासा द्यावा, ही विनंती.”

या पत्रात एकही कठोर शब्द नाही. तरी ते टाळणे कठीण आहे. प्रत्येक वाक्याला तारीख, आकडा किंवा कागद चिकटलेला आहे. सगळे पैसे न मागता काही भागच मागितला आहे, हेही पाहा. चार दिवस राहिलो आणि जेवलो, हे नाकारता येत नाही.

या पत्रातले दोन शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, पण जरा जपून. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे भांडण, वादावादी. मराठीत ‘तक्रार’ म्हणजे तुम्ही ज्याला ‘शिकायत’ म्हणता ते. भांडण न करताही ती करता येते. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश. मराठीत ‘खुलासा’ मागितला, तर समोरच्याने ‘असे का घडले’ याचे स्पष्टीकरण द्यायचे असते. सारांश मागितला असे समजून बसलात, तर उत्तराची वाट पाहत राहाल!

पत्राला उत्तर आले नाही, तर काय? आपल्या देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. कबूल केलेली सेवा नीट न देणे याला या कायद्यात ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. हॉटेल कोकणात असो की गोव्यात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क पडत नाही. वकील द्यावाच लागतो असेही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. पुष्कळशी प्रकरणे तिथेच मिटतात. आयोगापुढे गेलेच, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: पावती आहे का? पत्रक जपून ठेवले आहे का?

म्हणून सहलीहून आल्यावर पिशवीतली वाळू झटका, पण कागद झटकू नका.

स्वाध्याय

१. जार्व्हिसने ६३ पौंड ४५ पेन्स भरले असताना त्याला १२५ पौंड का मिळाले? तुमच्या शब्दांत लिहा.

२. जॅक्सनच्या तक्रारींपैकी ‘न मिळालेल्या’ गोष्टी कोणत्या आणि ‘न आवडलेल्या’ कोणत्या? एखाद्या गोष्टीबद्दल वर्गात एकमत झाले नाही, तर दोन्ही बाजू वहीत लिहा.

३. ‘घर’ आणि ‘शाळा’ या शब्दांना ‘-वर’, ‘-जवळ’, ‘-कडे’ लावून वाक्ये करा. प्रत्येक वाक्याचा अर्थ कसा बदलतो ते उर्दूत सांगा.

४. पुढील जाहिरात वाचा. मोजता येणाऱ्या शब्दांखाली रेघ मारा. मग अम्मी-अब्बांच्या वतीने हॉटेलाला पाच प्रश्न विचारणारे पत्र लिहा.

“कोकणच्या कुशीत, सागराच्या सान्निध्यात! प्रशस्त खोल्या, घरगुती जेवण, पोहण्याचा तलाव (लवकरच). किनारा अगदी पाच मिनिटांवर. लहान मुलांना खास सवलत. जेवण, नाश्ता, चहा सगळे धरून. अटी लागू.”